झोपलेला हात

मनकर्णाने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि सोडून दिला. पट्ट्या बांधलेला तो हात पोटावर धप्पकन पडला, लाकडाचा ओंडका पडावा तसा. तिने इकडे तिकडे पाहिलं. बायकांच्या वॉर्डात कोणाचं लक्ष नव्हतं. मग पट्टीतून बाहेर आलेली बोटं तिने एकेक करून चिमटली. करंगळी तर नख रुतेपर्यंत दाबली. काहीच नाही.

शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून घसरून तिचं मनगटाजवळचं हाड मोडलं होतं. आज सकाळी ब्रह्मपुरीच्या या दवाखान्यात ऑपरेशन झालं. पूर्ण भूल दिलीच नाही. शमीम नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईने काखेत एक सुई टोचली आणि म्हणाली, "हात झोपेल. तुम्ही जाग्या राहाल." तसंच झालं. पडद्याआड हाड जुळवत होते आणि ती वरचा पंखा बघत पडून होती. पण ऑपरेशन आटोपलं, जेवणवेळ टळली, उन्हं कलली, तरी हात उठायचं नाव घेईना.

तिच्या डोळ्यांपुढून माय हलत नव्हती. मायने एकदा चुलीवरचा तापलेला तवा नुसत्या हाताने उचलला होता. कातडी जळल्याचा वास सुटला, तेव्हा कुठे तिला कळलं. महारोग. मग वावराच्या कडेची झोपडी आणि लांबून सरकवलेलं ताट. मनकर्णाच्या सासरी यातलं कोणाला ठाऊक नव्हतं. माय तापाने गेली, एवढंच तिने नवऱ्याला, हरिदासला सांगितलं होतं.

शमीम पुन्हा आली. सकाळपासून ती सारखी येत होती. नागपूरच्या कॉलेजसाठी तिचा याच सुईवर अभ्यास चालला होता. दोन औषधांतलं कोणतं औषध दुखणं जास्त वेळ थोपवतं, ते तिला पाहायचं होतं. 'नाई दुखत' ऐकलं की दर वेळी तिचा चेहरा खुलायचा. आणि तो खुलला की मनकर्णा चोरून पुन्हा बोटं चिमटून पाहायची.

"दुखतं का, मनकर्णाबाई?"

"हो जी. गंज दुखते, लय दुखते."

शमीमचा चेहरा पडला. "कधीपासून?"

"आत्ता. आत्ताच चालू झालं."

शमीमने तिच्याकडे निरखून पाहिलं. दुखणाऱ्या माणसाचं तोंड असं नसतं. ती म्हणाली, "जरा भिंतीकडे बघा. आता सांगा, मी कोणतं बोट धरलं?"

"अंगठा."

"आता?"

"करंगळी."

"आणि आता?"

मनकर्णा चाचरली. "मधलं."

 शमीम हळूच म्हणाली, "बाई, मी हात लावलाच नाही. एकदाही नाही."

मनकर्णाने भिंतीकडून तोंड वळवलं नाही. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी कान देऊन होती. शमीम खाली वाकली.

"खोटं काऊन सांगितलं?"

"कोणाले सांगान नाई ना? माह्या घरच्याले तर नाईच?"

"नाही सांगत."

मग मनकर्णाने तवा सांगितला, झोपडी सांगितली. सगळं भिंतीलाच सांगितल्यासारखं. "मायचाबी हात पयले असाच झोपला होता," ती म्हणाली. "मंग उठलाच नाई."

शमीमने हातातलं पेन खिशात ठेवलं आणि खाटेच्या कडेला बसली. सकाळपासून आपण इतक्यांदा आलो, पण ही बाई कशाला भिते आहे ते एकदाही विचारलं नाही, हे तिच्या आता ध्यानात आलं.

"त्या रोगात नस मरते," ती म्हणाली. "तुमची मेली नाही. मी झोपवली आहे, औषधाने. औषध उतरलं की उठेल."

"कवा उतरन?"

"तेच..." शमीम अडखळली. "तेच तर मी पाहून राहिले. नक्की सांगता येत नाही. पण उठेल."

मनकर्णाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मंग तुमी इथीच बसा."

शमीम बसली. नर्स दोनदा बोलवायला आली, दोन्ही वेळा तिने नकारार्थी मान हलवली. मनकर्णाला एका कुशीवर ठरेना. ती उठून बसायची, आडवी व्हायची, बोटांकडे टक लावून पाहायची. शमीमही पाहत होती. औषध जितका जास्त वेळ टिकेल तितकं चांगलं, असं ती सकाळी म्हणत होती. आता ती खिडकीबाहेरच्या उतरत्या उन्हाकडे आणि त्या बोटांकडे आळीपाळीने बघत होती.

दिवे लागायच्या सुमारास बोटांच्या टोकांत मुंग्या आल्या. मनकर्णाने श्वास रोखला. मुंग्या तळव्यात उतरल्या, मनगटात शिरल्या आणि तिथे एकदम आग झाली. हाडात कोणी पहार खुपसून फिरवावी तशी कळ उठली. करंगळी हलली. पुन्हा हलली.

हरिदास बाजारातून केळी घेऊन आला तेव्हा ती तोंडात पदर कोंबून रडत होती.

"का झालं वं? लय दुखते काय?"

तिने जोरजोरात होकारार्थी मान डोलावली. हरिदास घाबरला. "बाई, इले सुई द्या ना जी. पाहा ना, कशी करून राह्यली!"

शमीम उठली. मनकर्णाने डाव्या हाताने तिचा कोट धरला.

"थांबा," ती म्हणाली. "जरा दुखू द्या."