रुखवताला हात

नारळाच्या भटजीची पगडी वाटेत घसरली होती. वनमालाने ती नीट बसवली, त्याच्यापुढे काडेपेटीएवढी पोथी उघडून ठेवली. मुलुंडच्या हॉलमधलं रुखवताचं टेबल भरत आलं होतं. सुपारीचे नवरा-नवरी. लोकरीचं तुळशीवृंदावन. मोत्यांनी मढवलेले सप्तपदीचे पाट. सगळं तिच्या हातचं.

मागून गार्गी आली. नवरीमुलगी. एका डोळ्यात काजळ, दुसरा अजून कोरा.

"आई, मी सांगितलं होतं ना. एवढं पॅराफर्नेलिया पवईच्या फ्लॅटमध्ये मावणार आहे का?"

"एवढं काय?"

"पॅराफर्नेलिया. म्हणजे... लटांबर. एक्स्ट्राचं सगळं."

लटांबर.

गणपतीपासून दोघींचं यावरून वाजत होतं. वनमाला मणी ओवायची, गार्गी म्हणायची, हल्ली कोणी ठेवत नाही गं. वनमाला पुढचा मणी घ्यायची.

"लटांबर हा नंतरचा अर्थ."

मृणालिनीबाई. वरमाय. निवृत्त झाल्या तरी कॉलेजात इंग्रजी शिकवल्याचा आवाज गेला नव्हता.

"मूळ शब्द ग्रीक. पॅरा म्हणजे बाजूचं, पलीकडचं. फर्ने म्हणजे हुंडा."

"हुंडो?" खुर्चीत डुलकी घेणारी कुंदामावशी खडबडून जागी झाली. "कोण मागता हुंडो?"

"कोणी नाही हो मावशी." मृणालिनीबाई हसल्या. "जुन्या काळी तिकडे हुंडा नवऱ्याच्या ताब्यात जायचा. पण त्यापलीकडे मुलगी स्वतःचं म्हणून जे आणायची ना, कपडे, दागिने, बारीकसारीक वस्तू, ते तिचंच राहायचं. नवऱ्याने, सासरच्यांनी त्याला हात लावायचा नाही. त्याला म्हणायचे पॅराफर्नेलिया."

गार्गी टेबलाकडे बघत राहिली. पहिल्यांदाच बघत असल्यासारखी.

"म्हणजे हे रुखवतच की, आई."

वनमालाने वर पाहिलं. गार्गी तिच्याशी बोलत नव्हती.

आई. परवापर्यंत काकू होत्या.

"किती गोड आहे ही." गार्गीने सुपारीची नवरी तळहातावर घेतली. "आई, आपल्या हॉलमध्ये काचेचं कपाट करू या? तुमच्या पुस्तकांच्या शेजारी. लाइट वगैरे लावून."

"करू या की."

आपल्या हॉलमध्ये.

तर टेबल राहणार होतं. पवईला जाणार होतं, काचेत बसणार होतं, त्यावर दिवा लागणार होता. वनमालाला हवं होतं ते सगळं. इतके महिने ती मणी ओवत राहिली होती, आणि या बाईने एक शब्द फोडून दाखवला.

"आणि भटजी तर झकासच," म्हणत मृणालिनीबाईंनी पगडीकडे हात नेला.

"हात लावू नका."

हात तिथेच थांबला.

"तुम्हीच म्हणालात ना. सासरच्यांनी लावायचा नाही." वनमाला हसली. म्हणजे दात दिसले.

"आई, काय हे," गार्गी पुटपुटली. ही हाक कोणाला होती ते सगळ्यांना कळलं.

"बरोबर आहे त्यांचं." मृणालिनीबाईंनी हात मागे घेतला आणि काय करावं न सुचून पदराखाली ठेवला. "मीच म्हणाले."

कुंदामावशी आता पूर्ण जागी होती. ती एकदा या विहिणीकडे, एकदा त्या विहिणीकडे बघत होती.

गार्गीने घाईने फोन वर केला. "चला, एक फोटो. मुंडावळ्या बांधल्या की मला हलता येणार नाही. आई, तुम्ही थांबा हं मागे. तुमच्यामुळे राहिलं हे सगळं." मग फोनमध्ये बघतच, "आणि तू जरा बाजूला हो ना गं. मध्ये येतेयस."

वनमाला बाजूला झाली. अजून थोडी. पडदा पाठीला लागेपर्यंत.

फोटो छान आला. मोती, लोकर, सुपारीचे नवरा-नवरी, मागे उभ्या मृणालिनीबाई. आणि अगदी कडेला, मनगटापासून कापला गेलेला, भटजीची पगडी गच्च धरून ठेवलेला एक हात.