अकरा बेचाळीस

उजवा हात उठेना, तेव्हा मास्तरांनी डाव्या हाताने पेन्सिल शिंप्याकडे सरकवली.

"लिही," ते म्हणाले.

शिंपी म्हणजे विमानाच्या शेपटीत मशीनगन चालवणारा. लढाई सुरू होण्याआधी तो लोकांचे कोट शिवायचा. मास्तर नॅव्हिगेटर होते, विमानाला वाट दाखवणारे. त्याआधी शाळेत गणित शिकवायचे. बॉम्ब टाकून परत वळताना खालून तोफेचा गोळा जवळच फुटला. एका तुकड्याने रेडिओ निकामी केला, दुसरा मास्तरांच्या पोटात शिरला. शिंप्याने बांधलेली पट्टी आता पुरती भिजली होती.

खाली नुसते ढग. त्यांच्याखाली कुठेतरी डोंगर, आणि डोंगर संपताच धावपट्टी. लवकर उतरलं तर डोंगर, उशीर केला तर समुद्र. पेट्रोल जेमतेम एका प्रयत्नापुरतं.

"मास्तर, तोंड कुठे करू?" पुढून कप्तानाने विचारलं.

"शिंपी सांगेल."

"त्याला बटणांपलीकडे मोजता येत नाही हो."

"येईल. घाई आपल्याला आहे, त्याला लावू नकोस."

वारा डावीकडून लोटत होता. किती, ते मास्तरांनी मघाशीच मोजून ठेवलं होतं : आठ अंश. शिंप्याने नकाशावर मोजपट्टी ठेवली आणि रेघ आठ अंश उजवीकडे ओढली.

"चूक," मास्तर म्हणाले. आवाज चढला नाही. "कापड धुतल्यावर आटणार असेल, तर तू काय करतोस?"

"आधीच वाढवून कापतो."

"वारा आपल्याला उजवीकडे नेणार आहे. मग?"

शिंपी थांबला. मग त्याने रेघ खोडली. "आधीच डावीकडे जायचं. आठ अंश."

"मला काय सांगतोस? कप्तानाला सांग."

विमान हळूच डावीकडे वळलं.

"आता वेळ. त्रेसष्ट मैल राहिलेत. मिनिटाला तीन."

शिंप्याचे ओठ हलत राहिले. "एकवीस मिनिटं. आत्ता अकरा एकवीस. म्हणजे अकरा बेचाळीस."

"पुन्हा कर."

पुन्हा तेच आलं. मास्तरांनी तिसऱ्यांदा करायला लावलं.

"बरोबर आहे का, मास्तर?"

"तीनदा तेच आलं ना? मग मला कशाला विचारतोस?"

"मास्तर, तिसरं पदक पक्कं तुमचं," कप्तान म्हणाला.

"आधी उतर, बाबा. आहेत त्या दोघांनाच खिसा पुरत नाही." मग ते शिंप्याकडे वळले. "एकेक मिनिट मोठ्याने सांग आणि वहीत मांड. माझ्याकडे बघायचं नाही. काहीही झालं तरी."

शिंपी सांगू लागला. अकरा बावीस. अकरा तेवीस. सुरुवातीला त्याचा आवाज कापत होता. अकरा तिसाला तो स्थिर झाला. अकरा चाळीसला कप्तानाने विचारलं, "नक्की ना रे?"

"नक्की," शिंपी म्हणाला. त्याने मान वळवली नाही.

"अकरा बेचाळीस. खाली," शिंप्याने सांगितलं.

विमानाचं नाक झुकलं. खिडक्या पांढऱ्या झाल्या, मग राखाडी. एकदम ढग फाटले आणि समोर ओलं गवत दिसलं, गवताच्या मधोमध धावपट्टी, आखून ठेवल्यासारखी सरळ. वळायचीसुद्धा गरज पडली नाही. कप्तान खो खो हसत सुटला. विमानाच्या मध्यभागी बसणारा बंदूकवाला टोपी आपटत होता. चाकं जमिनीला लागली तेव्हा तिघंही वेड्यासारखे ओरडत होते.

दुपारी अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने मास्तरांची नोंदवही उघडली. अर्ध्या पानानंतर अक्षर बदललं होतं. वेडंवाकडं होतं, पण एकाखाली एक एकवीस ओळी होत्या, मिनिटाला एक. एकही मिनिट सुटलं नव्हतं.

"मास्तर किती वाजता गेले?" त्याने विचारलं.

शिंपी ताठ उभा राहिला.

"सांगता येणार नाही, साहेब. मी घड्याळ बघत होतो."