निळं बटन

“काकांच्या मिशा झकास आहेत हो, पण तुमच्या घरात बायका आहेत की नाहीत?” नागपूरच्या मॅडमनी फोनवर सरळच विचारलं. “वेबसाइटवर एकही दिसत नाही. आमच्या गटात सगळ्या बायकाच आहेत, पक्षी बघायला येणाऱ्या. संध्याकाळपर्यंत काही दिसलं तर तुमच्याकडे, नाहीतर दुसरं घर शोधतो.”

“आजच दिसेल,” दामिनी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. म्हणताना ती जराही अडखळली नाही. तो तिचा स्वभावच नव्हता.

नागझिऱ्याच्या गेटापासून त्यांचं घर जवळच. परसात पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या त्या दामिनीच्या हट्टानं. सासऱ्यांनी, खेमराजजींनी, त्या बांधू दिल्या आणि वर बजावलं होतं, दिवाळीपर्यंत माणसं आली नाहीत तर खोल्यांत धान भरू. नागपूरचा गट सगळ्याच खोल्या घेणार होता. आता माणसं की धान, एवढाच निकाल लागायचा होता.

वेबसाइट गोंदियाच्या रोशननं करून दिली होती. तिच्यात घरबसल्या नवी पानं टाकता यावीत अशी मागच्या बाजूला सोय होती. रोशन त्या सोयीला सीएमएस म्हणायचा. दामिनीनं ती चुटकीसरशी उचलली. मजकूर लिहायचा, फोटो चढवायचे, मथळा द्यायचा, सगळं ती मोबाइलवर करायची. शेवटचं काम तेवढं तिचं नव्हतं. खेमराजजींनी रोशनला आधीच सांगून ठेवलं होतं, “सूनबाईनं लिवावं. पन बाहीर जाईल ते माह्या हुकुमानं.” रोशननं तसंच बसवून दिलं. दामिनीचं पान बैठकीतल्या लॅपटॉपवर मंजुरीला जाऊन थांबे. तिथं खेमराजजींच्या नावाला ‘प्रकाशित करा’ असं निळं बटन होतं. दामिनीच्या मोबाइलवर ते नव्हतंच.

सासरे बैठकीत असले की सुनेनं तिकडं पाऊल टाकायचं नाही, ही घरची रीत. त्यामुळे दामिनीला आतून फक्त त्यांचं खड्या आवाजातलं वाचन ऐकू येई. थोड्या वेळानं पान साइटवर दिसे. मंजूर व्हायचं ते काय? ट्रॅक्टरवर खेमराजजी, बांधावर खेमराजजी, वाघाच्या पाटीशेजारी खेमराजजी. पाहुण्यांना जंगलात वाघ दिसो न दिसो, साइटवर खेमराजजींचं दर्शन पक्कं होतं.

त्या दुपारी दामिनीनं नवं पान लिहिलं. चांगलं जमलं होतं, आणि हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. मथळा दिला, ‘तुलसाबाईंच्या हातचं’. फोटोत तिची सासू चुलीपुढं बसून तव्यावर तांदळाचे आयते, म्हणजे पातळ घावन, घालत होती. पदर डोक्यावर, आणि हसू अगदी मोकळं. तुलसाबाईंनी मोबाइल हातात धरून तो फोटो बराच वेळ पाहिला.

“मी अशी दिसतो?” त्या म्हणाल्या.

“अश्शाच दिसता, आई,” दामिनी म्हणाली आणि तिनं पान मंजुरीला धाडलं.

बैठकीतलं वाचन अर्ध्यातच थांबलं. “घरच्या बाईचा फोटू साऱ्या दुनियेनं पाहाचा? कायले? हे नाही जात बाहीर!”

दामिनी दारामागून म्हणाली, “मामाजी, येनाऱ्या बायाच हायेत जी. घरात कोन हाय, थे पाहूनच येतीन ना त्या.”

“मी हावो ना घरात!”

खेमराजजींनी वहाणा चढवल्या आणि ट्रॅक्टरचं काम घेऊन ते कोहमाऱ्याला निघून गेले. दामिनीला रडू आलं नाही, राग आला, चांगला सणसणीत. मॅडमना फोन करून काय सांगायचं याची तिनं मनातल्या मनात जुळवाजुळव सुरू केली.

तेवढ्यात मॅडमचाच फोन आला. “अहो, काय सुंदर पान आहे! सगळ्या खोल्या आमच्या. आणि त्या काकूंच्या हातचे आयते हवेतच.”

दामिनीनं साइट उघडली. सगळ्यात वर तुलसाबाई हसत होत्या. तिचं मन भरून आलं. निघता निघता सासऱ्यांचा विचार बदलला असणार, आणि आपण उगाच त्यांच्या नावानं बोटं मोडत बसलो. आले की दारामागूनच का होईना, पण नीट आभार मानायचे, असं तिनं ठरवलं.

खेमराजजी आले ते तणतणतच. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चार माणसांना आपले फोटो दाखवावेत म्हणून त्यांनी साइट उघडली होती, आणि समोर बायको. माणसं वाहवा करत होती, तरी त्यांचा जीव जळत होता.

“हे बाहीर सोडलं कोनं?” त्यांनी रोशनला फोन लावला.

“काकाजी, तुमच्याच नावावरून गेलं,” रोशनचा आवाज बैठकभर ऐकू आला. “तुमीच दाबलं असन.”

“मी कोहमाऱ्यात होतो ना बे!”

दामिनी दारामागून निघाली आणि पहिल्यांदाच सासऱ्यांसमोर बैठकीत येऊन उभी राहिली. “मामाजी, माह्याकडं तं थे बटनच नाही.”

“म्या दाबलं,” मागून तुलसाबाई आल्या.

“तू? तुले कोनाचा हुकूम होता?”

तुलसाबाईंनी पदराला हात पुसले. “रोज तुमी वाचता, ‘दाब’ म्हनता, आन मी दाबतो. आज तुमचं म्हननं तेवढं राहून गेलं.”