सहा माळा

या, असे जरा पुढं सरका. भिंतीला टेकून बसलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट जाग्या माणसानं ऐकायची आहे. गोष्ट नारपोलीची, हसन डॉक्टरांच्या दवाखान्यातली. काचेच्या सिरिंजा उकळून पुन्हा वापरायच्या, त्या दिवसांतली.

ते उकळायचं काम गुणाबाईचं. आत्ता ती आतल्या खोलीच्या दारात उभी आहे, पदराचं टोक मुठीत धरून, आणि ठाण्याच्या आरोग्य खात्यातून आलेले तपासणीचे साहेब तिच्या पातेल्यावर वाकलेत. गावात कावीळ होती. धड न उकळलेल्या सुईनंही ती पसरते, म्हणून साहेब दवाखाना-दवाखाना पालथा घालत होते. तासाभरापूर्वीच पलीकडच्या गल्लीत त्यांनी एका दाराला सील ठोकलं. ती बातमी आली तेव्हा इथं गुणाबाईचा स्टोव्ह पेटलेला होता आणि पाण्यात सुया होत्या.

“किती वेळ उकळता, बाई?”

“वीस मिन्टं, साहेब.” अकरा वर्षं पाठ होतं ते.

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. हसन डॉक्टरांनी बाकावर पाळीची वाट बघणाऱ्या सालेहाला आत बोलावलं. तिच्या कडेवर तापानं फणफणलेली पोर. डॉक्टरांनी चिमट्यानं सिरिंज उचलली.

गुणाबाईची नजर पातेल्यातल्या पाण्यावर होती. रोज ते दोन बोटं उतरायचं. आज अर्धं बोटही उतरलं नव्हतं.

बोलावं, तर दाराला सील. डॉक्टर रस्त्यावर आणि आपली भाकरीही गेली. साहेब तर निघालेच होते. तेवढ्यात त्या शहाण्या पोरीनं फ्रॉकची बाही आपल्याच हातानं वर केली.

“डाक्टर, ती सुई नका टोचू,” गुणाबाई म्हणाली.

साहेब दारातून मागं फिरले. “का?”

“आज माझी माळ पळाली.”

“काय पळालं?”

गुणाबाईनं कमरेची जपमाळ काढून पुढं धरली. “मला घड्याळ समजत न्हाय, साहेब. पैल्या दिशी डाक्टर बोलले, वीस मिन्टं. ते घड्याळ बघत उभे, मी नाम घेत उभी. ते ‘झाली’ बोलले तवा माझ्या सहा माळा झाल्या व्हत्या. तवापासून सहा माळा. पन आज पलीकडं सील ठोकल्याची बातमी आली नि भीतीनं नाम पळाया लागलं. सहा झाल्या, पन त्या सहा न्हाईत.”

“अकरा वर्षं, गुणाबाई?” डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. “मग हे घड्याळ मी कुणासाठी टांगलं?”

“तुमी एवढ्या मायेनं लावलंत. न्हाय कसं बोलू?”

साहेब हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. “उकळा पुन्हा. बघू तुमची माळ. वीस मिनिटांच्या आत माळा संपवल्यात, तर हा दवाखाना बंद.”

नव्यानं भरलेल्या पाण्याला उकळी फुटली. गुणाबाईनं पहिला मणी धरला आणि तो बोटांतून उडालाच. समोरच्या कारखान्यात कापड विणणारे लूम खडखडत होते. तो ठेका नामाला ओढून नेऊ लागला. मणी एकावर एक आदळायला लागले. परत पळाली, मेली.

“सावकाश, मावशी,” सालेहा म्हणाली. “माझी पोर काय कुठं पळत न्हाय.”

गुणाबाईनं डोळे मिटले. माळ सोडली आणि पहिल्या मण्यापासून पुन्हा धरली. भीती काही गेली नाही. ती तिच्या जागी बसली, नाम नामाच्या जागी बसलं. एक माळ. दोन. पोर आईच्या खांद्यावर पेंगली. चार. डॉक्टर भिंतीकडं तोंड करून उभे. सहावी माळ मेरूमण्याशी आली तेव्हा गुणाबाईनं डोळे उघडले आणि आधी पाणी बघितलं.

दोन बोटं उतरलं होतं.

“चोवीस,” साहेब म्हणाले. घड्याळ मनगटावर चढवून ते उठले. सील ठोकायची लाखेची कांडी त्यांच्या पिशवीतच राहिली. दारात मात्र थांबले. “बाई, गप्प बसला असतात तर मला कळलंच नसतं.”

“मोजत तर मीच व्हते ना, साहेब.”

तर मंडळी, एवढंच मागणं. उद्या कशाच्या भीतीनं तुमच्या हातातली माळ पळू लागली, तर घटकाभर थांबा, आणि नारपोलीच्या गुणाबाईची आठवण काढून पहिल्या मण्यापासून पुन्हा धरा.