मैनेची उजवी बाजू

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी मी एका कॉलेजच्या पोलो क्लबात घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार होतो. मैना नावाची घोडी तेव्हा नवशिक्यांना पाठीवर बसूच देत नव्हती. कोणी चढायला जवळ आलं की बिचकून बाजूला सरायची.

"आज नाही उभी राहिली, तर उद्या हिला क्लबातून काढणार," क्लबात शिकवणाऱ्या सरांनी मला बजावलं.

त्या दिवशी ऋजुता नावाची डावखुरी मुलगी पहिल्यांदाच आली होती. ती सरळ घोडीच्या उजव्या बाजूला गेली. जुनी मुलं खिदळली. "अगं, घोड्यावर डावीकडून चढतात! स्कूटी आहे का ती?"

तोवर ती रिकिबीत पाय घालून वर बसलीसुद्धा होती. मैना जागची हलली नाही.

मी पुढे होऊन मैनेच्या डाव्या डोळ्यासमोर हात हलवला. पापणी लवली नाही. डोळा दिसायला स्वच्छ होता आणि माझा आवाज ती ओळखायची, म्हणून तीन वर्षं रोज खरारा करूनही मला कळलं नव्हतं.

"सर, हिला डावीकडचं दिसतच नाही. सामन्यात नको, पण शिकायला ठेवा."

सरांनीही हात हलवून पाहिला. मग मुलांकडे वळून म्हणाले, "हसताय काय? उजवीकडून रांग लावा."

"मामा, मी उतरू का?" ऋजुतानं विचारलं.

"बस गं. तिला आवडलंय."

पुढे नऊ वर्षं मैनेनं नव्या मुलांना शिकवलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी ती तबेल्यातच मेली.