चेहरा जुळत नाही

नव्या डिजिटल धोरणानुसार बाईंची हजेरी शाळेच्या दारातला कॅमेरा घेऊ लागला. सोमवारी तो अडूनच बसला : ‘चेहरा जुळत नाही.’ डोळा सुजलेला, ओठ फाटलेला. बिचाऱ्या कॅमेऱ्याची तरी काय चूक? दिवसाचा पगार कापला गेला.

“तोंडावर नका ना मारू, पगार जातो,” बाई घरी म्हणाल्या.

नवरा हिशेबी माणूस, त्याला लगेच पटलं. तेव्हापासून काठी फक्त उजव्या खांद्यावर बसू लागली आणि बाईंची हजेरी शंभर टक्के झाली.

वर्षअखेर तपासणीला आलेल्या मॅडम वर्गात थबकल्या. “अगंबाई, फळा कोरा! सगळं स्क्रीनवरच शिकवता?”

“फळ्यापर्यंत हातच जात नाही, मॅडम.”

“जायलाच नको! धोरण अंगात मुरलं म्हणतात ते हेच,” म्हणत मॅडमनी बाईंच्या उजव्या खांद्यावर शाबासकीची सणसणीत थाप मारली.