शून्यापासून मोजायचं

फूटपट्टीची कड पुन्हा बोटांवर बसली, तसा पोराने हात मागे घेतला. मग पुढचा फटका कानावर बसला.

"डस्टर किती लांब?" गुरुजींनी विचारलं.

"बारा सेंटीमीटर," पोरगा मुसमुसत म्हणाला. मघाशी त्याने तेरा सांगितलं होतं.

गुरुजींचा जीव थंड झाला. तिसरीच्या वर्गात मोजमापाचा तास सुरू झाला की त्यांना एक चुकणारा लागायचा. त्याला गुरासारखं बडवून झालं की स्वारी खूश. मग दिवसभर गोष्टी काय, विनोद काय! मुख्याध्यापक त्यांचे सख्खे मेहुणे, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती.

शिकाऊ म्हणून याच वर्गात बसणाऱ्या नव्या बाई हे रोज हताशपणे पाहत होत्या. पण एक गोष्ट त्यांनी हेरली. मार खाणारा रोज वेगळा, चूक मात्र तीच. पट्टीवरच्या शून्याऐवजी एकच्या खुणेपासून मोजायचं. एवढं एक डोक्यात शिरलं की मार थांबणार, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं.

मधल्या सुट्टीत त्यांनी मुलांना पेन्सिली, खडू, डबे मोजायला लावले. एकही चुकलं नाही. बाई हरखून गेल्या.

"उद्या हात कोण वर करणार?"

"मीच," ठमी म्हणाली. जरा घुटमळून तिने विचारलं, "बाई, बरोबर उत्तर परवा सांगितलं तर चालेल?"

"उद्याच सांगायचं. घाबरतेस काय? माझी शपथ आहे तुला."

ठमीने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी तिने पट्टीचं शून्य पाटीच्या कडेला नीट लावलं. "वीस सेंटीमीटर," ती पुटपुटली. बाईंना भरून आलं.

गुरुजी मात्र हसले नाहीत. ते तडक शेवटच्या बाकाशी गेले. तिथे वर्गातली सगळ्यात लहान, सदा आजारी असणारी पोर बसायची.

"तू सांग. ही भिंत किती लांब? न मोजता."

"गुरुजी, पाटी एकवीस!" कुणीतरी ओरडलं.

"नाही, बावीस!" दुसरं ओरडलं.

गुरुजींनी वळूनही पाहिलं नाही. पट्टी पोरीच्या बोटांवर, मनगटावर, डोक्यावर पडत राहिली. ती मोडली तेव्हा त्यांनी हातातल्या तुकड्याने मारलं. बाई मध्ये पडल्या, तर त्यांनाही फळ्यावर ढकललं. पोर बाकाखाली कोसळली, तेव्हा कुठे ते घाम पुसत बाहेर गेले.

बाईंनी तिला मांडीवर घेतलं. कपाळावरचं रक्त रुमालाला आवरेना. ठमी जवळ येऊन उभी राहिली.

"तू रडू नकोस गं," बाई कशाबशा म्हणाल्या. "तुझं उत्तर बरोबर होतं."

"हिला मार सोसत नाही म्हणून आम्ही हिची पाळीच धरत नाही, बाई," ठमी म्हणाली. "आज चुकायची पाळी माझी होती."